पेशंट नंबर एक

(मिरजेत डॉक्टर, टेक्निशियन आणि हॉस्पिटलांच्या कॉम्प्युटरवाल्यांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, सगळी काढली असती तर भाषणच उरलं नसतं.)

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय का? येतोय, बरं. मागच्या दोन रांगांत टेक्निशियन दिसतायत, पुढे डॉक्टर, आणि खांबाजवळ चार्जर शोधत उभे आहेत ते आमचे कॉम्प्युटरवाले, म्हणजे बैठक नेहमीसारखीच आहे.

पत्रिकेत विषय छापलाय 'लहान हॉस्पिटलमधे पॅक्स कसं बसवावं' आणि वेळ पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली, नारळ मी खुर्चीखाली ठेवलाय, जाताना कुणीतरी आठवण करा. तर पॅक्स म्हणजे काय हे या खोलीत सांगायला नको. मशीन कुठलंही असो, त्यातून निघालेली चित्रं एका जागी साठवायची आणि डॉक्टर जिथं बसलेत तिथं उघडायची. एवढंच ते. मिरजेला दवाखान्यांचं काय नवीन सांगणार, वॉनलेस साहेबांनी १८९४ साली इथं हॉस्पिटल काढलं तेव्हा एक्स-रेचा शोधसुद्धा लागला नव्हता, रॉन्टजेनला तो लागला पुढच्या वर्षी नोव्हेंबरात. म्हणजे मिरज एक्स-रेपेक्षा एका वर्षानं थोरली आहे, हे मी सगळीकडे सांगतो, सांगलीत मात्र सांगत नाही. (हशा)

मी डॉक्टर नाही. डार्करूममधून आलेला माणूस आहे, हँगरला फिल्म लावून डेव्हलपरमधे बुडवणारा, नंतर टेक्निशियन झालो, मग मशीनमागच्या वायरी बघता बघता वायरवाला झालो. लोक मला फोन करून विचारतात, सर्व्हर कुठला घ्यायचा, डिस्क किती टीबीची, सॉफ्टवेअर फुकटचं चालेल का विकतचंच पाहिजे. चांगले प्रश्न आहेत. पण पेशंटचा नंबर कुठून येणार, कोण देणार, कोण टाइप करणार, हे आजवर मला एकाही हॉस्पिटलनं आधी विचारलेलं नाही. नंतर विचारतात. रात्री अकराला विचारतात.

तसाच एक फोन. गावाचं नाव सांगत नाही, हॉस्पिटलचं तर नाहीच, फिजिशियन माझ्या चांगल्या ओळखीचे. म्हणाले, "अहो, माझ्या पेशंटला गर्भाशय दिसतंय." म्हटलं, मग त्यात काय. म्हणाले, "पेशंट बासष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत, माजी सरपंच आहेत." (हशा) मी म्हटलं तुम्ही दुसऱ्याचं पान उघडलंय. ते म्हणाले नाही हो, वर नाव यांचंच आहे, खाली बघतोय तर छाती आहे, गुडघे आहेत, किती गुडघे आहेत विचारू नका, डोक्याचा सीटी आहे, लहान पोराचं मनगट आहे. मी लॅपटॉप उघडून बघितलं. एकाच माणसाच्या नावाखाली दोनशेच्या वर तपासण्या. आठ महिन्यांत. एवढं तर कुणी सरपंच असतानाही फिरत नाही.

झालं होतं काय ते ऐका, कारण तुमच्यातल्या निम्म्या ठिकाणी हे आत्ता चालू असणार. तिथं ऑर्थँक बसवलेलं होतं. ऑर्थँक म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात सेबास्तियाँ जोदोन्य यांनी सुरू केलेलं सॉफ्टवेअर, २०१२ ला पहिल्यांदा बाहेर आलं, फुकट आहे, सोर्सकोड उघडा आहे, जुन्या डेस्कटॉपवरसुद्धा पळतं, मला फार आवडतं. आता हे सॉफ्टवेअर पेशंट ओळखतं कशावरून? नावावरून नाही. वयावरून नाही. फक्त पेशंट आयडीवरून. त्या आयडीचा ते एक लांबलचक सांकेतिक आकडा बनवतं आणि तो आकडा म्हणजे त्याच्या लेखी माणूस. तोच आयडी परत आला की त्याच माणसाच्या खात्यात टाक. आणि पेशंटच्या पानावर नाव कुणाचं, तर त्या आयडीवर जो पहिला आला त्याचं.

आणि टेक्निशियन पोरगं, गुणी पोरगं बरं का, त्याची काही चूक नाही, कन्सोल, म्हणजे मशीनचा कॉम्प्युटर, आयडी मागतंय, आयडी भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही, मग तो काय करणार, रजिस्टरमधला त्या दिवसाचा नंबर टाकायचा. सकाळी पहिला पेशंट १. मग २. मग ३. दुसऱ्या दिवशी सकाळी परत १. म्हणजे आठ महिन्यांत रोज सकाळी जो कोण पहिला आला तो सगळा समाज आमच्या सरपंचांच्या अंगात. दुसऱ्या नंबरवाल्यांचा वेगळा एक माणूस, तिसऱ्यांचा तिसरा. पन्नासएक माणसांत अख्खा तालुका मावला होता.

हसताय, पण आता पुढचं ऐका. डॉक्टर लोकांना जुना फोटो शेजारी लावून बघायची सवय असते, असलीच पाहिजे. तर एका डॉक्टरांनी एका पेशंटचा 'मागचा' एक्स-रे बघितला, त्यात उजव्या फुप्फुसात पॅच होता, आजच्यात स्वच्छ, ते खूष, म्हणाले औषध लागू पडलं. औषध तीन दिवसांचं होतं आणि मागचा एक्स-रे दुसऱ्याच बाईंचा होता. सुदैवानं चूक या बाजूला झाली. उलट झाली असती तर? आजच्यात पॅच आहे आणि मागच्यात नव्हता, म्हणजे नवीन आहे, करा बायोप्सी. सर्व्हर चालू होता, नेटवर्क चालू होतं, वरचा हिरवा दिवा लागलेला होता. तक्रार कुणाचीच नव्हती.

निस्तरलं कसं? सॉफ्टवेअरनं नाही. कागदाच्या रजिस्टरनं. एका दिवसात '१' एकच असतो ना, मग तपासणीची तारीख घ्यायची, रजिस्टरमधे त्या तारखेचं पान उघडायचं, पहिली ओळ वाचायची, त्या तपासणीला त्या माणसाचा खरा नंबर द्यायचा. अकरा रात्री बसलो. मी वाचायचो, ते पोरगं टाइप करायचं, त्याची आई डबा पाठवायची, दोघांचा. सगळं जुळलं, फक्त तीन दिवस जुळेनात, कारण त्या तीन दिवसांच्या तपासण्यांवर तारीख होती १ जानेवारी २०००. कन्सोलची आतली बॅटरी गेलेली, लाईट गेली की घड्याळ शून्यावर. त्यातल्या एका मुलीचा जन्म २०११ चा आणि एक्स-रे २००० चा. जन्माआधी अकरा वर्षं हात मोडलेला. (हशा)

आता ज्या पोराच्या रजिस्टरनं आम्हाला वाचवलं ते रजिस्टर आलं कुठून, तर त्याच्या मागच्या टेक्निशियनकडून, त्याच्या मागे आणखी एक, असं करत ते जातं आमच्या मामांपर्यंत. मी डार्करूमला लागलो तेव्हा तिथं एक मामा होते, सगळे मामाच म्हणायचे. लाल दिव्यात वावरून त्यांना बाहेरचं ऊन सहन व्हायचं नाही. अंगाला फिक्सरचा वास. मामांची वही म्हणजे लांब बांधणीची, लाल कापडाची पाठ. रकाने: अनुक्रमांक, तारीख, नाव, वय, गाव, पाठवणार कोण, भाग, फिल्मची साईज, शेरा. अनुक्रमांक वर्षाचा सलग चालायचा, १ जानेवारीला एक, डिसेंबरअखेर साडेतीन-चार हजार. तोच नंबर शिशाच्या आकड्यांनी कॅसेटवर, म्हणजे फिल्म ठेवायच्या पेटीवर, चिकटवायचा, म्हणजे फिल्मवर तो आतच उमटायचा, मागाहून पेननं लिहिलेला नव्हे. तोच नंबर पाकिटावर. पाकिटं मांडणीत नंबरानं. कुणी जुनी फिल्म मागितली की मामा दोन मिनिटांत काढून द्यायचे, घड्याळ लावून बघितलंय मी.

आणि पेशंट नंबर विसरून आला तर? वहीच्या मागच्या पानांवर मामांची दुसरी यादी होती, गावांनी लावलेली. नावानं नाही, गावानं. कारण नावं तीच ती असतात. एकेका गावात एका आडनावाची दोनशे घरं, त्यात चार जणांची नावं विठ्ठल आणि त्यातल्या दोघांच्या बापाचं नाव पांडुरंग. मामा पेशंटला दोन प्रश्न विचारायचे, "गाव कुठलं?" आणि "कुणाच्यातला?" बस, दोन प्रश्नांत माणूस पक्का. मी आजवर पेशंट ओळखायची जेवढी सॉफ्टवेअरं बघितली त्यात 'कुणाच्यातला' हा रकाना कुठंच नाही.

नाही म्हणजे, आहे. हे मला फार उशिरा कळलं. डायकॉम, म्हणजे सगळ्या मशीनांना एकमेकांची चित्रं कळावीत म्हणून ठरवलेली भाषा, तिचं जे मूळ दप्तर आहे ना, ज्यात चित्राबरोबर काय काय माहिती जाईल हे ठरवलंय, त्यात पेशंटच्या माहेरच्या आडनावाला जागा आहे. आईच्या माहेरच्या नावालासुद्धा आहे. आणि हा नंबर कुठल्या हॉस्पिटलनं दिला, यालाही जागा आहे, म्हणजे झालं की मामांचं 'गाव कुठलं'. अमेरिकेत बसून कमिटीनं मामांची वही लिहून ठेवली. फक्त आपल्याकडे कन्सोलवर ते रकाने कुणी उघडत नाही.

नावाचं तर विचारूच नका. डायकॉममधे नाव लिहायची पद्धत अशी की आधी आडनाव, मग वर टोक असलेली ती खूण, कॅरेट, मग नाव, मग मधलं नाव, आणि सौ.-श्री. ही उपाधी त्याच्याही नंतर. आपल्याकडे काउंटरवरची ताई काय टाइप करते? 'सौ.' आधी. त्यामुळे नावानं यादी लावली की निम्म्या बायका 'एस'खाली. श्रीमतीही 'एस'खाली. चिरंजीव 'सी'खाली. आणि इंग्रजीत विठ्ठल लिहून दाखवा बघू मला, एक टी का दोन, एच कुठं कुठं, मी एका माणसाची पाच स्पेलिंगं बघितलीत, त्याच्या आधार कार्डावर सहावं होतं. वैशालीला व्ही का डब्ल्यू? लग्नानंतर आडनाव बदललं, माहेरी बाळंतपणाला आली, तिथल्या नोंदीत जुनं आडनाव. बाळाला तर नावच नाही, 'बेबी ऑफ' अमुक, आणि जुळं झालं की संपलं. हायवेवरचा अपघात आला की 'अनोळखी इसम', एका रात्रीत तीन अनोळखी इसम आले तर त्यांना तरी ओळखायचं कसं? अनोळखी एक, दोन, तीन, पुढे तारीख आणि वेळ, एवढं तरी करा, आणि नातेवाईक आले की मग खऱ्या नंबराला जोडा.

कुणीतरी म्हणेल जन्मतारखेवरून जुळवा. जुळवा की! आपल्याकडे साठीच्या पुढच्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचा. (हशा) गुरुजींनी शाळेत घालताना लावलेला. परदेशी इंजिनियरला मी हे एकदा सांगितलं तर त्याला वाटलं आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर काही विशेष असतं.

आणि हो, देवनागरीत का लिहीत नाही, हे दरवेळी कुणीतरी विचारतं. डायकॉमला चालतं, युनिकोडची सोय त्यात आहे, पण चार ठिकाणची चार मशीनं, एकानं देवनागरीत लिहिलं की दुसऱ्याच्या पडद्यावर नुसत्या चौकटी नाहीतर प्रश्नचिन्हं. सगळी साखळी तपासून मगच करा. मी अजून कुठं केलेलं नाही, इच्छा आहे.

किती वेळ राहिला? बारा मिनिटं? सर, आपण घड्याळाकडे बघू नका हो, माझी बॅटरी शून्यावर जाते. बरं, पळतो.

उपाय एकच आहे, त्याचं नाव वर्कलिस्ट. पेशंटचं नाव, नंबर, वय हे एकदाच टाइप व्हायचं, काउंटरवर, केसपेपर काढताना. तिथून ते मशीनच्या कन्सोलवर यादी म्हणून जातं, टेक्निशियननं यादीतल्या माणसावर बोट ठेवायचं, टाइप काहीच करायचं नाही. पेशंट आयडी म्हणजे केसपेपरचा नंबर, आयुष्यभर तोच, ओपीडीला एक आणि आयपीडीला दुसरा असला प्रकार नको. आणि प्रत्येक तपासणीचा वेगळा सलग नंबर, त्याला ॲक्सेशन नंबर म्हणतात, तो म्हणजे मामांचा अनुक्रमांक. माणसाचा एक, तपासणीचा एक, दोन्हींची गल्लत करू नका. बिलिंग सॉफ्टवेअरमधून वर्कलिस्ट निघत नसेल तरी अडत नाही, ऑर्थँकला वर्कलिस्टचं प्लगिन आहे, एका फोल्डरमधे प्रत्येक पेशंटची छोटी फाईल टाकत जायची, कॉलेजचा पोरगा आठवड्यात लिहून देईल.

पण, आणि इथं माझी जुनी दुखरी नस आहे, तुमच्या मशीननं ती यादी वाचली पाहिजे ना! मशीन घेताना डीलर म्हणतो साहेब डायकॉम आहे. असतं. पण चालू काय असतं, तर फक्त प्रिंट. चित्र सर्व्हरला पाठवायचं लायसन वेगळं, वर्कलिस्टचं वेगळं, जुनं परत मागवायचं वेगळं, आणि मशीन बसल्यावर मागितलं की दोन वर्षांपूर्वीच्या मशीनच्या लायसनला आजचा भाव. मी एकेका ठिकाणी लायसनच्या पैशात अख्खा सर्व्हर आला असता असं बघितलंय. म्हणून पर्चेस ऑर्डरवर चार शब्द लिहून घ्या: स्टोअर, प्रिंट, वर्कलिस्ट, क्वेरी-रिट्रीव्ह. चारही चालू, चारही किमतीत. आणि डायकॉम कन्फॉर्मन्स स्टेटमेंट मागा, प्रत्येक कंपनी मॉडेलवार काढते, मशीन काय बोलू शकतं आणि काय नाही ते त्यात लिहिलेलं असतं. डीलर म्हणाला असलं काही नसतं तर डीलर बदला.

आता जोडणी. १९८३ मधे अमेरिकेतली रेडिऑलॉजिस्टांची संस्था आणि मशीन बनवणाऱ्यांची संस्था एकत्र बसली, १९८५ ला पहिली आवृत्ती आली, १९९३ ला त्याला डायकॉम हे नाव मिळालं, त्याआधी एका कंपनीचं चित्र दुसऱ्या कंपनीच्या मशीनला वाचता यायचं नाही, जुन्या तलाठ्याचं अक्षर त्याच तलाठ्याला कळायचं तसं. आता प्रत्येक यंत्राला तीन गोष्टी लागतात, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचं दार, आणि एई टायटल. आयपी कायमचा द्या, राउटरवर सोडू नका, नाहीतर लाईट जाऊन आली की सर्व्हरचा पत्ता बदलतो आणि सकाळी एक्स-रे 'जात नाहीयेत'. पोर्ट डायकॉमचं ठरलेलं १०४, पुष्कळ ठिकाणी ११११२, ऑर्थँकचं ४२४२, कुठलंही घ्या पण दोन्हीकडे तेच, आणि विंडोजच्या फायरवॉलमधे उघडा. एई टायटल म्हणजे यंत्राचं टोपणनाव, जास्तीत जास्त सोळा अक्षरं, लहान-मोठी लिपी वेगळी मोजतात. यात मी दोन दिवस घालवलेत. इंजिनियर फोनवर म्हणाला "सीटी ओ वन", मी ओ टाकला, आणि त्याच्याकडे होतं शून्य! इंग्रजीत शून्याला ओ म्हणायची ही जी सवय आहे ना तिनं माझी दोन दिवसांची झोप खाल्ली. तेव्हापासून मी एई टायटलमधे आकडेच घालत नाही. मशीनवर 'व्हेरिफाय' नावाचं बटण असतं, ते दाबलं की सर्व्हर नुसतं 'हो' म्हणतो, त्याला सी-एको म्हणतात. आधी पिंग, म्हणजे यंत्र नेटवर्कवर आहे का ते बघायचं, मग एको, मग एक चित्र पाठवून बघा, या क्रमानं. मिरजेत सतार जुळवल्याशिवाय कुणी वाजवायला घेतं का?

जुनं चित्र मागवताना एक गंमत होते, त्यात सगळे अडकतात. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर यादी दिसते पण चित्र येत नाही. कारण सी-मूव्हमधे, म्हणजे चित्र मागवायच्या हुकमात, तुम्ही सर्व्हरला म्हणता 'हे अमक्या टोपणनावाच्या यंत्राकडे पाठव', आणि सर्व्हर उलटून स्वतः नवीन जोडणी करून पाठवतो, त्यामुळे त्या टोपणनावाचा आयपी आणि पोर्ट सर्व्हरच्या वहीत आधी लिहिलेला पाहिजे. नसेल तर तो गप्प बसतो. ब्राउझरवर चालणारे व्ह्यूअर घेतलेत, ओएचआयएफसारखे, तर ही कटकटच नाही.

जागेचा हिशोब. सीटीची एक स्लाइस, म्हणजे एक काप, ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, एका ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे बरोबर अर्धा एमबी. तीनशे स्लाइसचा सीटी दीडशे एमबी. दिवसाला पंधरा सीटी म्हणजे सव्वादोन जीबी, डिजिटल एक्स-रे दहाएक एमबीचा, असे ऐंशी धरा, पाऊण जीबी. दिवसाला तीन जीबी, वर्षाला एक टीबीच्या आसपास. चित्राला धक्का न लावता दाबून ठेवलं तर त्याच्या निम्म्यात. म्हणजे डिस्क हा प्रश्नच नाही, आणि सगळ्यात आधी तोच विचारतात! स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा, तो मात्र गिगाबिटचा घ्या, जुन्या शंभरच्या स्विचवर दीडशे एमबीला बारा-तेरा सेकंद लागतात, नव्यावर दीड, डॉक्टर तेरा सेकंद थांबत नाहीत, ते फिल्म मागतात.

किंवा व्हॉट्सॲप मागतात. इथं थांबायला मला वेळ नाही पण थांबतो. सीटीच्या ठिपक्यात चार हजार छटा असतात, हौन्सफिल्डच्या मोजमापात पाणी शून्य, हवा उणे हजार. त्यातल्या कुठल्या छटा पडद्यावर दाखवायच्या त्याला खिडकी म्हणतात, फुप्फुस बघायची खिडकी वेगळी, रुंदी दीड हजार आणि मध्य उणे सहाशेच्या आसपास, मेंदूची खिडकी ऐंशी आणि चाळीस. व्हॉट्सॲपवर जातो तो पडद्याचा मोबाईलनं काढलेला फोटो, २५६ छटा, त्याही दाबलेल्या, आणि खिडकी जी होती तीच गोठलेली. तातडीला ठीक आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यावर रिपोर्ट लिहू नका.

पाच मिनिटं? बरं. बॅकअप. एका सर्व्हरमधे दोन डिस्क लावून एकमेकींची नक्कल ठेवणं, ज्याला रेड म्हणतात, तो बॅकअप नाही, चूक केली तर ती दोन्हीकडे एकदमच होते. वेगळ्या यंत्रावर एक नक्कल आणि हॉस्पिटलच्या बाहेर एक. आणि महिन्यातून एकदा त्यातलं एखादं चित्र परत आणून उघडून बघा, नुसती नक्कल होतेय यावर झोपू नका. दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ मधे रॅन्समवेअरनं, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, बसले तेव्हा तिथं कागद-पेन काढावा लागला होता, तिथं, तर आपलं काय.

बाहेरून बघायची सोय करताना राउटरमधे भोक पाडून पॅक्स इंटरनेटवर उघडं टाकू नका. डायकॉमला मुळात पासवर्ड नाही, टोपणनाव सांगितलं की दार उघडं. ग्रीनबोन नावाच्या जर्मन कंपनीनं २०१९ मधे जगभर अशी उघडी पॅक्स मोजली, पुढच्या वर्षी भारताची राज्यवार यादी छापून आली, त्यात पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. पेशंटची नावं, जन्मतारखा, सगळं. व्हीपीएन वापरा, म्हणजे बाहेरून आत यायचा कुलूपबंद रस्ता. मशीनचे कन्सोल जुन्या विंडोजवर असतात, त्यांना इंटरनेट देऊच नका, आणि रिसेप्शनच्या वायफायवर तर नाहीच. घड्याळं सगळ्यांची एका जागेवरून लावा, का ते मघाशी सांगितलं.

किती वर्षं ठेवायचं? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात तीन वर्षं, आणि पेशंटनं मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. पोलिस केस असेल तर निकाल लागेपर्यंत हात लावू नका. सोनोग्राफीच्या एफ फॉर्मचं, म्हणजे गरोदर बाईच्या तपासणीच्या नोंदीचं, वेगळं, तिथं कायद्यात दोन वर्षं. मी सांगतो ठेवता येईल तितकं ठेवा, डिस्क स्वस्त आहे. पण चुकीच्या नंबराखाली ठेवलेलं चित्र तीस वर्षं ठेवलं तरी सापडत नाही. उद्या सकाळी जाऊन एकच करा, तुमच्या पॅक्समधे पेशंट आयडी १ टाका आणि शोधा. मग ० टाका. मग 'टेस्ट' टाका. काय निघतंय बघा, आणि मला रात्री अकराला फोन करू नका, साडेदहाला करा.

चिठ्ठी आलीय. चहा तयार आहे म्हणतायत. एखादा प्रश्न घेऊ? हां, मागच्या ताई, बोला. जुन्या फिल्मचं काय करायचं? खोलीभर आहेत? अहो त्यात चांदी असते, भंगारवाले किलोवर नेतात, चांगला भाव देतात. पण आधी पोलिस केसच्या बाजूला काढा, आणि बाकीच्यांवरची नावं पाकिटासकट त्यांच्या हाती जाऊ देऊ नका. रिकामी पाकिटं फाडून टाका. रजिस्टरं? लाल पाठीची? किती आहेत, बावीस? त्या द्यायच्या नाहीत. मी गाडी घेऊन आलोय, चहा झाला की दाखवा मला कुठं आहेत.